आमच्या बंदुकीचे कान टोचले

"पीक कोणतं?" परवान्याच्या कचेरीतल्या कारकुनाने विचारलं.

"भात," मी म्हटलं.

"कुठे?"

मी खिडकीतून अंदाजाने बाळकुमच्या दिशेला बोट दाखवलं. त्याने माझ्या आधार कार्डावरचा पत्ता मोठ्याने वाचला. "टॉवर बी, चौदावा मजला. आजोबा, चौदाव्या मजल्यावर भात लावता?"

मागच्या बाकावरची माणसं हसली. कारकुनाची चूक नव्हती. आमच्या घरातली ठासणीची बंदूक सरकारदरबारी 'पिकाच्या रक्षणासाठी' म्हणून नोंदलेली आहे. पीक होतं तेव्हा रानडुकरं होती आणि रानडुकरं होती तेव्हा बंदूक लागत होती. आता पिकाच्या जागी टॉवर आहे, टॉवरला वॉचमन आहे, आणि डुकरांना लिफ्टचं बटण दाबता येत नाही. कबुतरांचा त्रास फार आहे, असं मी सांगून पाहिलं. त्यावर कारकुनाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर कबुतरांची बाजू मी सोडून दिली.

"परवाना वाढवून मिळणार नाही," तो म्हणाला. "बंदूक विका. नाहीतर जमा करा. नाहीतर परवानाधारक दुकानातून कायमची निकामी करून घ्या, दाखला आणा आणि खुशाल दिवाणखान्यात टांगा."

विकणं शक्य नव्हतं. जमा करणं त्याहून अशक्य होतं. कारण सांगतो.

आमच्या गावदेवीच्या जत्रेला पालखी देवळाबाहेर पडते तेव्हा पहिला बार आमच्या घराण्याच्या बंदुकीचा असतो. बार झाल्याशिवाय भोई पालखी उचलत नाहीत. आजोबांनी तो काढला, वडिलांनी काढला, आता मी काढतो. काढतो म्हणजे काय, तर बंदूक आभाळाकडे रोखतो. दारू ठासण्याचे दिवस कधीच गेले. मी बंदूक वर केली की देवळामागे बसलेला आमचा दगडू सुतळी बॉम्बची वात पेटवतो, आवाज होतो आणि गाव म्हणतं, "उदो!" ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक आहे आणि आजवर एकानेही ती तोंडातून काढलेली नाही. देवीनेही नाही. असा हा मान आहे.

बंदूक घरातून गेली असती तर मान गेला असता माझ्या चुलतभावाकडे, रतनकडे. रतनचा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. त्याच्याकडे लग्नात नवरा-नवरीवर रंगीत कागद उडवणारी एक तोफ आहे. ती तोफ घेऊन तो बरीच वर्षं माझ्या मरणाची नाही, पण माझ्या गुडघेदुखीची तरी वाट पाहत होता. देवीच्या पालखीवर चमकीचे कागद उडताहेत आणि मी गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी कारकुनाला म्हटलं, "निकामी करून आणतो."

ही बातमी मी घरी सांगायच्या आत सोसायटीत पोचली होती. सातव्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर लिफ्टमध्येच म्हणाले, "त्यापेक्षा तिचा टेबल लॅम्प करा. नळीतून वायर छान जाते." सेक्रेटरीने वेगळाच मुद्दा काढला. शस्त्र निकामी करणं हे घरातल्या दुरुस्तीत मोडतं की नाही? मोडत असेल तर दुपारी दोन ते चार आवाज बंद. मी म्हटलं, "काम नौपाड्यात होणार आहे." त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं.

नौपाड्याला बंदूक न्यायची कशी, हा पुढचा प्रश्न. उघडी नेली तर रस्ता मोकळा होईल पण मीही आत जाईन. शेवटी नात सान्वीच्या गिटारची पिशवी घेतली. नळी वरून वीतभर बाहेर राहत होती, तिला गोदाने, म्हणजे आमच्या मंडळीने, लोकरीचं कानटोपडं घातलं. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "काका, या वयात गिटार? भारी! एखादं वाजवून दाखवा ना." मी म्हटलं, "आज तिची तार तुटलीय." तो नौपाड्यापर्यंत मला वयाचं काही नसतं, असं समजावत राहिला.

दुकानदार मान खाली घालून काम करणारा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने बंदूक उलटसुलट केली आणि सांगितलं, "नळीला आरपार भोक पाडतो. मग ब्रह्मदेव आला तरी वाजणार नाही. मग पोलीस तपासतील, की झालं. दोन दिवसांनी या."

मी समाधानाने घरी आलो, तर सोफ्यावर रतन बसलेला. शेजारी गावदेवीचे पुजारी उत्तम गुरव. पुढ्यात आमच्याच घरचे पोहे.

"दादा, माझा काय म्हणना नाय," रतन म्हणाला. त्याचं काही म्हणणं नसलं की मला घाम फुटतो. "पन मी गुरवकाकांना सहज विचारला. मूर्तीचा हात तुटला तर ती पूजेला चालते का?"

"नाय चालत," गुरव पोहे खात म्हणाले. "खंडित झाली. विसर्जन करायचा."

"मग बंदुकीला भोक पाडला तर?"

गुरवांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"सीताराम, हा नाय सुचला मला," गुरव गंभीर होऊन म्हणाले. "शस्त्र खंडित झाला तर देवीपुढे कसा न्यायचा? खाडीत सोडावा लागंल."

म्हणजे बघा. धड बंदूक ठेवली तर सरकार मला आत टाकणार. मोडकी ठेवली तर देवी मला बाहेर काढणार. सरकारला ती पूर्ण मोडलेली हवी आणि देवीला पूर्ण धड. दोघांनाही अर्धवट चालत नाही. मला वाचायला उशिरा आलं, त्यामुळे हातात आलेला कागद मी छापखान्याच्या नावापर्यंत वाचतो. शस्त्रांच्या नियमांचा कागद मी असा दोनदा वाचून काढला. त्यात 'देवी' हा शब्द कुठेच नव्हता. मग घरातली पोथी काढली. तिच्यात 'परवाना' नव्हता.

दुकानदाराला फोन करून मी भोक थांबवलं, आणि त्या आठवड्यात सल्ल्यांना पूर आला. बँक मॅनेजर म्हणाले, भोक पाडा आणि आतून एम-सील लावा. दगडू म्हणाला, "लाकडाची दुसरी करू ना दादा, काला रंग मारू, कोनाला कलतंय?" गुरवांनी तेवढ्यात सांगितलं की देवीला कळतं. एका भाच्याने फोनवरून सल्ला दिला, की भोक असं पाडायचं की ते फक्त पोलिसांना दिसेल. रतन दररोज येऊन माझं सांत्वन करत होता. "तू नको वाईट वाटून घेऊ, दादा. मान घरातच र्‍हातो ना. मी काय परका हाय?" जाताना तो तोफेत भरायच्या कागदांचे रंग विचारून जायचा. देवीला पिवळा बरा की लाल?

शेवटी एका दुपारी गोदा लसूण सोलत होती. मी नेहमीसारखा सुस्कारे टाकत होतो. ती वर न बघताच म्हणाली, "माझा कान आरपार टोचलेला हाय. मी खंडित झाले का?"

"म्हणजे?"

"पोरीचा कान टोचतात. नाक टोचतात. देवीच्या नाकात नथ हाय, ती भोकातच हाय ना? तिला कोन खाडीत सोडतंय? तोडणा वेगला, टोचणा वेगला."

मी तसाच चपला घालून देवळात गुरवांकडे गेलो. गुरव बराच वेळ देवीच्या नथीकडे बघत बसले. मग म्हणाले, "वहिनीचा डोका चालतो हां. संस्कार असंल तर खंडित नाय. पन मग तो संस्कारच पाह्यजे. नुसता मशीन लावून भोक पाडला तर तो मोडणाच झाला. रीतसर कान टोचा."

मला वाटलं, प्रश्न सुटला. पण रीतसर हा शब्द आमच्या भावकीत एकदा उच्चारला की तो थांबवता येत नाही.

कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. बंदुकीचा मामा कोण? यावर एक बैठक झाली. बंदूक माझ्या घराण्यातली, तेव्हा मामा माझ्या आजीच्या माहेरचा हवा, असं एका बाजूचं म्हणणं. ते माहेर होतं कल्याणला, आणि तिथे आता फक्त एक मॉल उरला होता. गोदाने निकाल दिला, "इतकी वर्षं तिला तेल मीच लावतेय. माझीच पोर ती." म्हणजे मामा गोदाचा भाऊ. तो डोंबिवलीहून नवा सदरा घालून, भाचीसाठी खण आणि गूळखोबरं घेऊन आला. हे सगळं तो इतक्या मनापासून करत होता की त्याला आवरावं असं कुणालाच वाटलं नाही.

नौपाड्याच्या त्या दुकानात आम्ही दोन रिक्षा भरून गेलो. बायकांनी ड्रिल मशीनला हळदकुंकू वाहिलं. दुकानदार म्हणाला, "अहो, हे मशीन आहे!" माझ्या थोरल्या बहिणीने त्यालाही कुंकू लावलं. मामाने मांडी घालून बंदूक कुशीत घेतली. मांडीवर ड्रिल चालवायला मात्र दुकानदाराने साफ नकार दिला. "माझा परवाना बंदुका निकामी करायचा आहे, माणसं नाही." मग तोड निघाली. बंदूक यंत्राच्या शिकंज्यात, आणि मामाचा हात तिच्या दस्त्यावर.

ड्रिल सुरू झालं. लोखंडाची किंकाळी अशी काही उठली की मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "झाला, झाला, बाळा," तो दस्त्यावर थोपटत म्हणाला. बायकांनी त्याला पाणी दिलं आणि ओव्या धरल्या. बाहेर वाटसरू थांबून आत बघत होते. बंदुकीच्या दुकानात ओव्या कशा काय चालल्यात, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. भोक पडलं तशी गोदाने पदराच्या गाठीतून सोन्याची छोटी बाळी काढली आणि नळीत घातली. गुरवांनी अक्षता टाकल्या. दुकानदाराने दाखल्यावर शिक्का मारला आणि गूळखोबरं खाल्लं.

आता पोलीस तपासणी. आमच्या पोलीस ठाण्यातल्या रसिका मॅडम, म्हणजे फौजदार. वयाने सान्वीच्या ताईसारख्या, पण आवाज असा की आपण काहीतरी केलंच असावं असं वाटतं. त्यांनी बंदूक उचलली.

"हे काय आहे?"

"बाळी," मी म्हटलं.

"निकामी करण्यासाठी पाडलेलं छिद्र तुम्ही बुजवलंत?"

"बुजवलं नाही हो. घातलीय. हलते बघा."

"काढा ती."

गोदा पुढे झाली. "नवीन टोचलेला कान उघडा ठेवत नायत, मॅडम. भोक बुजतं."

मॅडमनी गोदाकडे पाहिलं, मग हवालदाराकडे. हवालदार छताकडे बघत होता. मॅडमचाही हात नकळत स्वतःच्या कानाशी गेला. मग त्यांनी बंदूक डोळ्याशी धरली, बाळी बाजूला सारून भोकातून आरपार पाहिलं, आणि हवालदाराला सांगितलं, "लिहा. आरपार छिद्र, त्यात पिवळ्या धातूची हलती बाळी. शस्त्र वापरण्यास कायमचे अयोग्य." सोन्याच्या बाळीला पिवळा धातू म्हटल्यामुळे गोदा परतीच्या वाटेवर माझ्याशीच बोलली नाही.

जत्रा आठवड्यावर आली आणि महापालिकेची निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली. हद्दीतली सर्व शस्त्रं जमा करा, असं फर्मान आलं. मी दाखला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो.

"हे शस्त्र नाही," मी म्हटलं. "तुमच्याच मॅडमनी लिहिलंय."

हवालदार म्हणाला, "काका, आदेशात 'सर्व' लिहिलंय. 'सर्व'मध्ये चालणारी आणि न चालणारी असा भेद नाही."

"मग माझी काठीपण जमा करा."

त्याने काठीकडे खरोखरच विचार केल्यासारखं पाहिलं. मी ती पाठीमागे लपवली.

रसिका मॅडमना मी जत्रेचं, पालखीचं, मानाचं सगळं सांगितलं. सुतळी बॉम्बचं तेवढं सोडून. त्यांनी ऐकून घेतलं. "वरून लेखी आल्याशिवाय बंदूक आवाराबाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पालखी खाडीकडे आमच्या फाटकासमोरूनच जाते ना? तुम्ही फाटकाच्या आत उभे राहा. बंदूक वर करा, परत माझ्या हातात द्या. एवढं मी करू शकते."

एवढं पुष्कळ होतं. गावकीत ठरलं, की यंदा पालखी देवळातून गुपचूप निघेल, ठाण्याच्या फाटकाशी जमिनीवर टेकेल आणि तिथे बार झाल्यावरच पुढे उचलायची. "आणि बार नाय झाला तर?" रतनने विचारलं. गुरवांनी सांगितलं, "तर देवी म्हणते बंदूक खंडित. मग तुझी तोफ." रतनने त्याच संध्याकाळी तोफ टेम्पोत चढवून ठेवली.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरताना मी पोलीस ठाण्याच्या फाटकाच्या आत, धोतर नेसून, फेटा बांधून उभा. बाहेर पालखी टेकलेली, गाव दाटलेला. टेम्पोत रतन, हात तोफेवर. मॅडमनी बंदूक माझ्या हातात दिली आणि हात मागे बांधून शेजारी उभ्या राहिल्या. देवळामागे बसायची सोय नव्हती, म्हणून दगडू ठाण्याच्या कंपाउंडच्या मागे, जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगेत जाऊन बसला होता. जागा नवी, म्हणून घाबरून त्याने एकाच्या जागी तीन बॉम्ब एकत्र बांधले होते, हे मला नंतर कळलं.

मी देवीला नमस्कार केला आणि बंदूक आभाळाकडे रोखली.

जो आवाज झाला तो आजोबांच्याही काळात झाला नसेल. ठाण्याच्या खिडक्या थरथरल्या. जप्त मोटरसायकलींचे भोंगे एकदम केकाटायला लागले. दोन शिपाई टेबलाखाली गेले, लॉकअपमधला एकजण "मी नाही, मी नाही" ओरडायला लागला. पत्र्यावरून धूर असा वाहत आला की मी, बंदूक आणि रसिका मॅडम, तिघं त्यात बुडालो.

"उदो!" गाव गरजला.

धूर विरला तेव्हा मॅडमचा हात माझ्या मनगटावर होता. "आचारसंहितेत, पोलीस ठाण्याच्या आवारात, माझ्या समोर," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "कशाचा आवाज होता तो?"

गाव माझ्याकडे बघायला लागला.

माझी काय अवस्था झाली ते सांगतो. बंदुकीचा म्हटलं तर मी लॉकअपमध्ये, त्या ओरडणाऱ्याच्या शेजारी. सुतळी बॉम्बचा म्हटलं तर घराण्याचा मान देवीच्या पालखीसमोर, माझ्याच तोंडून, कायमचा संपला. दगडूचा पत्ता नव्हता. मॅनेजर, सेक्रेटरी, सल्ले देणारं सगळं जग समोर उभं होतं आणि त्या क्षणी एकालाही काही सुचत नव्हतं.

टेम्पोतून रतनने उडी मारली. "मॅडम, मी सांगतो! बंदूकच वाजली!"

"नक्की?"

"माझ्या डोल्यांनी बघितला. नलीतनं धूर आला. याने दारू ठासली होती मॅडम, घ्या याला आत!"

उत्तम गुरव पालखीजवळून हळूच म्हणाले, "रतन, देवीसमोर बोलतोस हां."

"देवीची शपथ!" रतन छाती ठोकून म्हणाला. "बंदूक वाजली!"

गुरवांनी गावाकडे वळून दोन्ही हात वर केले. "आयकला? रतन सोता बोलला. वाजली! वाजली म्हंजी खंडित नाय. मान सीतारामचाच. उचला पालखी!"

गुलाल उडाला. ताशे सुरू झाले. रतनचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आपण काय बोलून बसलो ते एकेका पायरीने खाली पोचत असल्यासारखा.

मॅडमनी माझ्या हातातून बंदूक घेतली. बाळी सरकवली, भोकाला डोळा लावला आणि नळी रतनकडे फिरवली. "या भोकातून मला तुम्ही स्वच्छ दिसताय. ही बंदूक वाजू शकत नाही, असं मी स्वतः लिहून दिलंय. पोलिसांना खोटी माहिती देणं गुन्हा आहे. परत विचारते. बंदूक वाजली?"

रतनने मॅडमकडे पाहिलं. मग पालखीकडे. ती अजून वळणावरच होती. देवीची शपथ घेऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. त्याच्या कपाळावरचा घाम गुलालात मिसळून नाकापर्यंत आला.

"वाजली," तो पडेल आवाजात म्हणाला. "वाजलीच, मॅडम. काय करायचा तो करा."

मी रतनला आयुष्यभर ओळखतो. त्या क्षणाइतका तो मला कधी आवडला नव्हता.

मॅडमनी दोघांनाही तासभर बाकावर बसवून ठेवलं. हवालदाराने लिहून घेतलं, की अज्ञात इसमाने आवाराबाहेर फटाका वाजवला, शस्त्र क्रमांक अमुक याची पाहणी केली असता ते पूर्ववत निकामी. रतनला समज देऊन सोडलं. समज म्हणजे आवाज चढवून दिलेली, मोफत. मलाही तीच मिळाली. बंदूक पुन्हा कोठडीत गेली. सरकारच्या कागदावर ती मेलेली आहे आणि देवीच्या दरबारी ठणठणीत, आणि दोन्हीकडचे साक्षीदार पक्के आहेत.

बाहेर पडलो तर दगडू कोपऱ्यावर भजी खात उभा. आम्हाला पाहून त्याने भजी लपवली. मी रतनला घेऊन चहाच्या गाडीवर गेलो. त्याने बशीत चहा ओतून फुंकर मारली.

"दादा," तो म्हणाला, "धूर मात्र मी खरोखर बघितला हां. नलीतनं."

मी त्याच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. "बघितलास ना? मग झालं."

"मंग पुढच्या वर्षी मी तुझ्या बाजूला उभा र्‍हाऊ का? नुसता बाजूला. धरायची तूच."

"राहा की," मी म्हटलं. "साक्षीदार तर दरवर्षी लागणारच."